दाजी आणि डोक्यावरची माती

मराठवाड्यात भूकंपाला भ्यालेली माणसं एके काळी गावोगाव होती, पण भूकंपावर पाळत ठेवून बसलेला माणूस सगळ्या मुलखात एकच होता आणि तो नेमका आमच्या अक्काच्या वाट्याला आला. हे माझे दाजी. तीर्थपुरीला त्यांची पिठाची गिरणी होती. उंच, हाडकुळे, भुवयांवर कायम पीठ. त्यामुळे चाळिशीतच म्हातारे दिसायचे आणि पुढे खरोखर म्हातारे झाले तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. कुणाच्या घरी गेले की घरातली माणसं नमस्कार करत आणि दाजी वर बघत. तुळया, फळ्या, कोपरे असं सगळं एकदा डोळ्यांखालून घातल्याशिवाय त्यांची नजर खाली यायची नाही. मग पहिला प्रश्न, "माती किती हाय?" नवखा माणूस आपल्या शेताबद्दल सांगायला लागे. काळी आहे, भारी आहे, कापूस चांगला येतो. दाजी ते शांतपणे ऐकून घेत आणि बोट वर करून म्हणत, "ती न्हाई. ही, डोक्यावरची."

आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. दगडामातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, त्यावर लाकडाच्या तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा सपाट थर. दर वर्षी मृगाच्या आधी लोक बैलगाडीने खारी माती आणून माळवदावर पसरत आणि चोपून बसवत. पाऊस पडला की ती माती फुगून घट्ट होई, घर गळत नसे. पुढच्या वर्षी त्याच्यावर आणखी एक थर. जुना थर आधी काढावा असं कुणाच्या मनातही यायचं नाही. काढायचा कशाला, तो तर आजोबांनी घातलेला. अशी पिढ्यान्‌पिढ्यांची माती डोक्यावर घेऊन माणसं खाली सुखाने झोपत, कारण उन्हाळ्यात माळवदाच्या घराइतकं गार घर दुसरं नाही. दाजींना मात्र या मातीची खोली जाणून घेतल्याशिवाय कुणाच्या घरचं पाणी घशाखाली उतरत नसे. त्यांच्या पिशवीत एक लोखंडी सळई असायची. यजमानाची परवानगी मिळो न मिळो, ते शिडीने वर चढत, सळई मातीत खुपसत आणि किती आत गेली ते बोटाने धरून खाली आणून दाखवत. नंतर पाहुणचाराला बसायचे ते दारात, एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून. अक्का म्हणायची, "ह्यान्ला कुणी पाटावर बसवलं तरी हे पाट घिऊन दारात जातेत."

गिरणीत तर त्यांची खरी पंचाईत होती. पिठाच्या गिरणीइतकी हादरणारी जागा गावात दुसरी नसते, आणि जमिनीची हालचाल टिपायला बसलेल्या माणसाला देवाने नेमका तोच धंदा दिला होता. दाजींनी त्यावर उपाय काढला. खिडकीत पाण्याने भरलेलं एक फुलपात्र ठेवलं. गिरणी चालू असली की पाणी थरथरणारच, म्हणून ते मधूनच मोटार बंद करत, पट्टा थांबेपर्यंत दम धरत आणि फुलपात्रात डोकावत. पाणी निवलं की थरथर आपलीच होती असं समजायचं आणि मोटार पुन्हा चालू करायची. तोवर दळणाला आलेल्या बायका डबे घेऊन ताटकळत. एकदा शेजारची बाई वैतागून म्हणाली, "भाऊ, माझी ज्वारी अर्धी वर अन्‌ अर्धी खाली हाय. भूकंपाला म्हणावं, एवढं दळण होऊ दे, मंग ये." दाजी फुलपात्रावरची नजर न हलवता म्हणाले, "ताई, जल्दी करू नका. पीठ काय, उंद्या बी मिळंल." बाईने वरची ज्वारी डब्यात काढून घेतली, डबा कमरेवर मारला आणि दुसऱ्या गिरणीची वाट धरली. दाजींची अशी बरीच गिऱ्हाइकं भूकंपापायी गेली.

जनावरांना भूकंप आधी कळतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. तेव्हापासून गल्लीतल्या समस्त जनावरांवर त्यांची देखरेख सुरू झाली. आधी शेजाऱ्याचं कुत्रं नेमलं, पण ते पोस्टमनपासून स्वतःच्या शेपटीपर्यंत सगळ्यांवर भुंकायचं, त्यामुळे भरवशाचं नव्हतं. मग कोंबड्या झाल्या. शेवटी त्यांचा विश्वास बसला तो कुंभाराच्या गाढवावर. ते फार कमी ओरडायचं म्हणून. एका दुपारी ते गाढव अशा काही सुरात ओरडलं की दाजींनी मोटार बंद करून सगळ्या बायकांना गिरणीतून काढलं आणि समोरच्या मोकळ्या जागेत उन्हात उभं केलं. त्यांच्या मागोमाग किराणा दुकानदार आला, शिंपी मशीन सोडून आला, एक वरात चालली होती तीही थांबली. गाढवाचं ओरडणं काही थांबेना. अखेर कुंभारीण बादली घेऊन पळत आली. अंगणात वाळत घातलेल्या लाल मिरच्यांत गाढवाने तोंड घातलं होतं. लोक हसत पांगले. दाजी म्हणाले, "ह्यावेळी मिरच्या व्हत्या."

घरच्यांना तर त्यांनी पुरतं तयार केलं होतं. दिवसात केव्हाही ते उलथन्याने ताट बडवत, की सगळ्यांनी असेल तसं, रिकाम्या हाताने अंगणात यायचं. रिकाम्या हाताने यावर त्यांचा फार कटाक्ष. अक्का दर वेळी लोणच्याची बरणी घेऊन यायची. "आगं, बरणी कशाला?" दाजी विचारत. "जीव वाचल्यावर काय दगड खायचे?" ती विचारायची. सगळ्यांत आधी बाहेर यायची ती त्यांची एकुलती एक मुलगी, सुमी. वेणी अर्धी घातलेली असो की तोंडात घास असो, ताट वाजलं की ती अंगणाच्या मधोमध उभी राहून हसत असायची. दाजी तिच्याकडे बघत आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान येई की आम्हालाही त्या ताट बडवण्याचा राग धरता येत नसे. बापलेकीचं ते एक खेळणंच होतं म्हणा.

त्यांच्या ज्ञानाचा उगम म्हणजे गावच्या शाळेतले एक गुरुजी. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे फार जुन्या काळी जमिनीतून वर आलेला आणि मग निवून घट्ट झालेला रस आहे, असं गुरुजींनी त्यांना सांगितलं. दाजींना हे पोटात ठेवणं शक्य नव्हतं. स्टँडवरच्या हॉटेलात ते चहा निवू देत आणि लोकांना सांगत, "आपण समदे ज्वालामुखीवर बसून राह्यलो." एकदा मेंढरं राखणारा एक म्हातारा ऐकत होता. त्याने विचारलं, "तापतोय का आजून?"

"न्हाई. लई वर्षं झाली निवून."

"मंग बसू की. काय बिघडलं?"

"बाबा, तो न्हाई तापणार. पर त्याच्या खालची जमीन सरकती. मोठमोठ्या शिळा एकमेकीला रेटून राह्यल्या. आपला देश जरा जरा वर सरकून राह्यला."

म्हाताऱ्याने चहा संपवला आणि काठी उचलली. "समदाच सरकून राह्यला न्हवं? मंग शेजाऱ्याचा बांध बी संगं आला. भांडण तेवढंच राहतंय," असं म्हणून तो मेंढरांमागे गेला. दाजींना हा मुद्दा इतका पटला की पुढे कित्येक दिवस ते तो आपलाच म्हणून सांगत होते.

हे वेड त्यांना पहिल्यापासून होतं असं कुणी समजू नये. उलट दाजी आधी मातीचे पक्के पुरस्कर्ते. मृग जवळ आला की गल्लीत पहिली गाडी त्यांची यायची, आणि त्यांच्या माळवदाएवढी जाड माती आसपास कुणाच्या घरावर नव्हती. पावसाळ्यात ते मुद्दाम दुसऱ्यांच्या घरी जाऊन गळणाऱ्या जागांखाली मांडलेली भांडी बघत आणि काही न बोलता घरी येत. लातूरकडे तो मोठा भूकंप झाला त्या पहाटे आमच्याकडेही फळीवरची भांडी वाजली होती. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव दमून झोपलेलं. अक्काने दाजींना हलवलं तर दाजी म्हणाले, "मांजर असंल," आणि कूस बदलून झोपले. पुढे आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून बसलेल्या या माणसाच्या घरी भूकंप एकदाच आला, आणि तेव्हा त्यांनी त्याला मांजर ठरवलं. हे अक्का कुणालाही सांगायची आणि दाजी मान खाली घालून ऐकायचे.

सकाळी रेडिओवर कळलं. गावाने घरटी भाकरी जमा करायच्या ठरवल्या. दाजींनी दिवसभर गिरणी बंद केली नाही, ज्वारी येत होती आणि पीठ जात होतं. बायकांनी भाकरी थापल्या, कोरडी चटणी बांधली, पोती भरून ट्रक निघाला आणि दाजी त्याच्यावर बसून गेले. आठवड्याने परत आले. अंघोळ नाही, चहा नाही, पायातली वहाण काढली आणि खोरं घेऊन माळवदावर चढले. संध्याकाळपर्यंत गल्लीत मातीचा हा ढीग पडला. अक्का खालून ओरडत होती, शेजारी समजावत होते, पण ते वरून ढकलत राहिले. परतीचा पाऊस यायचा होता, तो आला, आणि ज्या घरात कधी थेंब गळला नव्हता त्या घरात अक्काने सगळी भांडी मांडली. मग मातीच्या जागी छपरावर पत्रे आले. तिथे काय पाहिलं ते दाजींनी कुणाला सांगितलं नाही. फारच कुणी विचारलं तर एवढंच म्हणत, "दगडानं कमी मेले. मातीनं जास्त."

पहिली एक-दोन वर्षं सगळंच गाव त्यांच्यासारखं वागत होतं हेही सांगितलं पाहिजे. माणसं थंडीत अंगणात बाजा टाकून झोपली. अमुक वारी पुन्हा होणार अशा आवया उठल्या. कुठे विहिरीला सुरुंग लागला तरी अख्खं गाव रस्त्यावर यायचं. मग हळूहळू बाजा आत गेल्या. जून आला तशा मातीच्या गाड्याही सुरू झाल्या. माणसाला रोज घाबरून राहता येत नाही, शेतं असतात, लग्नं असतात. दाजी तेवढे राहिले मागे. गाडी दिसली की बैलांसमोर उभे राहून म्हणत, "टाकायची तर टाक, पर जुनी काढून टाक." गाडीवान त्यांना वळसा घालून जात.

याचं हसू होत होतं तोवर ठीक होतं. सुमीचं लग्न काढलं तेव्हा हसू थांबलं. आमच्याकडे मुलाचं घर बघायला जायची रीत आहे. मुलीकडची चार मोठी माणसं जातात, शेत बघतात, विहिरीला पाणी किती ते बघतात, माणसं बोलायला कशी आहेत ते बघतात. दाजी यातलं काही बघायचे नाहीत. ते शिडी मागायचे. पहिल्या ठिकाणी त्यांनी माळवदावरून खाली येऊन सरळ नमस्कार केला आणि चपला घातल्या. दुसऱ्या ठिकाणी मुलगा चांगला नोकरीत होता, घर मात्र दुमजली माळवदाचं. तिथे तर ते उंबऱ्याच्या आतच गेले नाहीत. अक्का मला जालन्याला निरोपांवर निरोप पाठवायला लागली. मी तेव्हा जालन्यात बियाण्याच्या दुकानात होतो. शेवटी मंठ्याकडच्या एका गावातलं स्थळ आलं. मुलगा शाळेत शिक्षक, घरी शेती, माणसं सरळ. मुलगा सुमीला बघायला आला तेव्हा दोघांत चार शब्द बोलणंही झालं. तो गेल्यावर सुमी दिवसभर उगाच घरातली पितळेची भांडी घासत बसली. अक्काने मला बजावलं, "तू संगं जाय. अन्‌ ती सळई ह्यांच्या पिशवीतून काढून घे."

मी सळई काढून घेतली. दाजींनी तिथे गेल्यावर गोठ्यातला खुंटा उपटून घेतला. मुलाचे वडील म्हणजे भारदस्त माणूस, पांढऱ्या मिशा, बोलणं मोजकं. आपल्या घराचा त्यांना सार्थ अभिमान होता. चहा झाला, शेताचं बोलणं झालं, साखरपुड्यापर्यंत गोष्ट आली, आणि मी पाहतो तर दाजी जागेवर नाहीत. ते वर होते. खाली आले तेव्हा हात खांद्यापर्यंत मातीने माखलेला. खुंटा पुरला नाही म्हणून त्यांनी माती उकरून हात घातला होता. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "माणसं बराबर हायत. मुलगा बराबर हाय. तेवढी वरची माती उतरवून टाका, मंग पुढचं बोलू."

मुलाचे वडील जागेवरून उठले. मग म्हणाले, "ही माती आमच्या आज्यानं टाकायला सुरू केल्ती. तुमी पोरगी द्यायला आले का घर पाडायला?"

दाजी म्हणाले, "पोरगी द्यायलाच आलो, म्हणून म्हणून राह्यलो."

"मंग या तुमी," मुलाचे वडील म्हणाले. परतीच्या बसमध्ये मी दाजींपासून दोन बाकं सोडून बसलो. मला त्यांचा खरोखर राग आला होता.

अक्काने दोन दिवस चूल पेटवली ती फक्त चहापुरती. पण अवघड झालं ते सुमीचं. ती बापाशी बोलेनाशी झाली. दाजींनी एकदा ताट बडवलं, तर ती स्वयंपाकघरातून हललीच नाही. दाजी उलथनं हातात धरून अंगणात उभे राहिले आणि मग त्यांनी ते आत नेऊन जागेवर ठेवलं. पुन्हा ताट वाजलं नाही. स्थळंही यायची थांबली. मुलीच्या बापाला भूकंपाचं याड आहे ही गोष्ट मंठ्यापासून राजूरपर्यंत पोचली होती आणि सोयरिकी जुळवणारे आता घराला वळसा घालून जात. सुमी मला म्हणाली, "मामा, भूकंप येईल का न्हाई ते देवाला म्हाईत. माझं लगीन मोडलं, ते तर समद्यांनला दिसून राह्यलं." मी दाजींना तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ते गिरणीत होते. त्यांनी मोटार बंद केली, आणि यावेळी फुलपात्राकडे बघितलंसुद्धा नाही. "संगं येता का पुन्हा मंठ्याकडं?" एवढंच त्यांनी विचारलं.

मला वाटलं माफी मागायला निघालेत. स्टँडवर बघतो तर एका हातात खोरं, दुसऱ्या हातात पाटी, डोक्याला फडकं. कंडक्टरने खोरं टपावर टाकायला लावलं. मी विचारलं, "दाजी, हे काय?" म्हणाले, "काम हाय." मुलीचा बाप मुलाच्या घरी खोरं-पाटी घेऊन निघालाय, ही आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत कुणी ऐकलेली गोष्ट नव्हती. मी मनात पुढची दहा वर्षं नातेवाइकांना द्यायची उत्तरं तयार करत बसलो होतो.

मुलाचे वडील ओसरीवर होते. त्यांनी दाजींना पाहिलं, खोऱ्याला पाहिलं आणि उठलेही नाहीत, बसा असंही म्हणाले नाहीत. दाजी अंगणातच उभे राहिले. म्हणाले, "तुमी आज्याची माती म्हणले, ते बराबर हाय. तुमी नका हात लावू. मी सोता उतरवतो. तुमी फकस्त हो म्हणा."

"पर काहून? एवढं काय हाय त्या मातीत?"

दाजींनी खोरं भिंतीला टेकवलं. जे त्यांनी अक्कालाही इतकी वर्षं सांगितलं नव्हतं ते त्यांनी तिथे, अंगणात उभं राहून, गिरणीचा हिशोब सांगावा इतक्या सपाट आवाजात सांगितलं. "मी भाकरीच्या ट्रकावर गेल्तो. वाटलं, भाकरी घ्यायला माणसं येतील. लई कमी आली. मंग आमी पोती तिथंच ठिवली अन्‌ खोरे घेतले. तिथं एक माणूस ढिगाऱ्यावर हिंडून राह्यल्ता. माझ्याच उमरीचा. लेकीचं घर हुडकीत व्हता. सापडंना त्याला. घरं कुठं, गल्ली कुठं, समदं सारखं झाल्तं. मला म्हणला, मी सोता घर पाहून पोरगी दिल्ती. भिंत दोन हात जाड, अन्‌ वर माती अशी की पोरीला ऊन लागायचं न्हाई, पाऊस लागायचा न्हाई. माती पाहूनच हो म्हणलो, म्हणला."

मुलाचे वडील ऐकत होते. त्यांची बायको दाराशी येऊन उभी राहिली होती.

"मी त्याच्या हातात भाकरी दिली. त्यानं खाल्ली न्हाई. फडक्यात गुंडाळली अन्‌ एका दगडावर ठिवली. म्हणला, तिला लागंल. उपाशी असंल ती."

"मंग?"

"मंग तो जिथं उभा व्हता तिथंच आमी खांदलं. घर तेच व्हतं."

 गोठ्यात बैलाने शेपूट झटकलेली ऐकू आली. मला त्या क्षणी दाजींकडे बघवेना. इतकी वर्षं आम्ही ज्या माणसाला हसत होतो तो हे सगळं घेऊन आमच्यात वावरत होता. दाजींनी फडकं डोक्यावर घट्ट केलं आणि खोऱ्याला हात घातला. तेव्हा मुलाचे वडील उठले. ओसरीवरून उतरले आणि त्यांनी दाजींच्या हातातलं खोरं काढून घेतलं. "पोरीच्या बापानं आमच्या घरी पाटी उचलायची न्हाई," ते म्हणाले, आणि आत वळून मुलाला हाक मारली, "शिडी आण रे."

माती उतरवायला बरेच दिवस लागले. भावकी आली, शेजारी आले, आणि पाटी उचलायची नाही असं सांगितलेले दाजी दिवसभर अंगणात उभे राहून इतक्या सूचना देत की शेवटी लोकांनीच त्यांच्या हातात पाटी दिली. थराथराने माती निघत गेली. वरची फिकी, मधली राखाडी, खालची पिवळट. होणाऱ्या विहीणबाईंना पहिल्या दिवशी रडू आलं. घर उघडं पडल्यासारखं वाटतंय म्हणाल्या. मातीत एक मातीचा बैल सापडला, तो मुलाच्या वडिलांनी लहानपणी उन्हात वाळायला म्हणून वर ठेवला होता आणि हरवला म्हणून मार खाल्ला होता. त्यांनी तो पुसून कोनाड्यात ठेवला. सगळी माती शेतात गेली आणि पुढच्या हंगामात तिच्यावर वांगी अशी आली की मंठ्याच्या बाजारात लोक विचारत आले. मधली मोठी तुळई मात्र पहिल्यासारखी ठणठणीत निघाली. ना भेग, ना कीड. मुलाच्या वडिलांनी तिच्यावर हात मारून दाजींना दाखवलं. "आजून शंभर वर्षं हलली नसती ही." दाजी म्हणाले, "तिला आता हलायचं कामच न्हाई."

लग्न गावात मांडव घालून झालं. भूकंपानंतर पहिल्यांदाच मी दाजींना एखाद्या कार्यात मधोमध बसलेलं पाहिलं, कारण वर फक्त कापड होतं. सुमी निघताना बापाच्या गळ्यात पडून रडली आणि दाजी तिला एवढंच म्हणाले, "रिकाम्या हातानं बाहेर यायचं, बरं का." वऱ्हाडी मंडळींना वाटलं माहेरचं काही नेऊ नको असं सांगतायत. त्यांना बरंच वाईट वाटलं.

त्यानंतर तिथे भूकंप काही झाला नाही. तीर्थपुरीला नाही आणि मंठ्याकडेही नाही. मातीच्या जागी पत्रे घातलेलं व्याह्यांचं घर मात्र उन्हाळ्यात तव्यासारखं तापायचं, पावसात आत बोललेलं ऐकू यायचं नाही, आणि वानरं पत्र्यावर उतरली की दुपारची झोप मोडायची. व्याही दर उन्हाळ्यात दाजींना बोलावून घेत, आपल्याबरोबर घाम गाळायला बसवत आणि पंख्याने वारा घेत विचारत, "का व्याही, कवा येतोय तुमचा भूकंप?" दाजी म्हणत, "न्हाई आला तर न्हाई आला. मी काय त्याची वाट पाहून राह्यलो का?" मग दोघांनी मिळून पत्र्यावर कडबा पसरायचं ठरवलं. कडबा किती पसरायचा यावरही त्यांचं भांडण झालं. दोन म्हातारे शिडीच्या खाली उभे राहून पेंढ्यांवरून वाद घालत, वर चढलेला जावई थकून खाली उतरे, आणि शेवटी त्यांच्यात जो जिव्हाळा झाला तो मी सख्ख्या भावांत पाहिला नाही.

दाजी गेले ते साध्या तापाने, दवाखान्यात. त्याला आता काही वर्षं झाली. व्याही त्या दिवशी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले. मला दाजींची फार आठवण येते. त्यांच्याइतका त्रास मला कुणी दिला नाही आणि त्यांच्याइतकं मी कुणाला हसलोही नाही.

मागच्या वैशाखात सुमीकडे गेलो होतो. दुपार अशी तापली होती की कडब्याचाही उपयोग होत नव्हता. सुमी भाजी निवडत बसली होती, शेजारी तिची पाच-सहा वर्षांची पोरगी चटईवर झोपलेली. बोलता बोलता सुमी म्हणाली, "मामा, इथं बायका बसल्या की माहेरानं काय दिलं, ते निघतंच. कुणाला कपाट दिलेलं असतं, कुणाला शिलाई मशीन. माझी पाळी आली की मी गप बसते. वडलांनी दिलं ते दाखवू कसं? ते तर त्यांनी आमच्या डोक्यावरून पाट्या भरभरून काढून नेलं."   पोरगी घामाघूम होऊन, हातपाय पसरून गाढ झोपली होती. सुमी भाजी बाजूला ठेवून तिला पदराने वारा घालत राहिली.